फक्कीनं आखलेलं वाचनालय

बाईंनी मला कधी नावानं हाक मारली नाही. त्या कुणालाच नावानं हाक मारत नसत. माणूस ज्या गावचा, ते गाव हेच त्याचं नाव. मी तीर्थपुरीची, म्हणून मी ‘तीर्थपुरी’. वाचनालयाचा शिपाई परतूरचा, तो ‘परतूर’. संस्थेचे अध्यक्ष पिढ्यान्‌पिढ्या जालन्यातच कापडाचा व्यापार करणारे. त्यांना तोंडावर ‘अध्यक्ष’ आणि माघारी ‘कापडगल्ली’. एकाच गावची दोन माणसं आली की थोरलं मंठा, धाकटं मंठा असं करून भागवायच्या. मी एकदा विचारलं, “बाई, नावं लक्षात राहत नाहीत का?”

“नावं लई सारखी असतात गं. रजिस्टर उघडून बघ, नुसते संतोषच सापडतील.”

जुन्या जालन्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. बाजारात त्यांना ‘लायब्ररीबाई’ म्हणत. उंच, हाडकुळ्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि ज्यांची झाली असेल त्यांना उत्तर मिळालं नसणार. मूळच्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या. वडील मेंढरं राखायचे. पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडायचे ते उन्हाळ्याच्या शेवटी परतायचे. बाई वसतिगृहात राहून शिकल्या, जालन्यात आल्या आणि या वाचनालयात चिकटल्या त्या चिकटल्याच.

मेंढरांची सवय मात्र सुटली नाही. संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या आधी त्या कपाटांसमोरून हात मागं बांधून एक चक्कर मारायच्या. मोजायच्या नाहीत. नुसतं बघायच्या. मग म्हणायच्या, “परतूर, तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा. एक गेलंय आन्‌ लिवलं न्हाई.” परतूर रजिस्टर काढून ताळा घ्यायचा आणि बहुतेक वेळा एक पुस्तक नोंद न करता गेलेलं असायचं. कधी कधी बाई चुकायच्याही. तेव्हा त्या म्हणायच्या, रजिस्टर चुकलं.

“आमचा बाप मेंढरं मोजत नव्हता कधी,” त्या सांगायच्या. “बघितलं की त्याला कळायचं कोणतं आलं न्हाई ते.”

वाचनालयाची इमारत जुनी, वर पत्रे, भिंतींना ओल. एका पावसाळ्यात एका खोलीचा पत्रा निघाला आणि संस्थेनं ठरवलं, आता पाडायचं आणि त्याच जागेवर नवं बांधायचं. जागा ऐन बाजारात. एका अंगाला धान्याची दुकानं, दुसऱ्या अंगाला कापडाची. नकाशाचं काम नव्या जालन्यातल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसला मिळालं. मी डिप्लोमा करून तिथं लागलेली, लग्न होऊन चार वर्षं झालेली. मापं घ्यायचं काम माझ्याकडं आलं.

पहिल्या दिवशी मी टेप लावून खोली मोजत होते. बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

“काय करून राह्यलीस?”

“मापं घेतेय.”

“ही खोली तर पाडणार हाय ना? पाडायच्या खोलीची मापं घेऊन काय करतीस?”

त्यांनी परतूरला खुर्चीवर बसवलं, त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि दोन्ही हात पसरून उघडायला लावलं. “आता घे माप. या कोपरापासून त्या कोपरापर्यंत. मंग शेजारी दुसरा बसव आन्‌ त्याचं घे. तुमचे लोक खुर्च्या चिटकून काढतात नकाशात. इथं रोज कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी डोळ्यात जातं.”

मी माप घेतलं. ते माझ्या वहीत अजून आहे. त्यानंतर मी कितीतरी इमारतींचे नकाशे काढले, पण वर्तमानपत्र उघडलेल्या माणसाचं माप मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

त्यांच्या अटी बऱ्याच होत्या आणि त्या सगळ्या शहाण्या नव्हत्या. छताला पंखे नकोत, कारण पेपर उडतो. मी म्हणाले, “बाई, जालन्याचा मे महिना आहे.” त्या म्हणाल्या, “मे महिन्यात माणसं वाचत न्हाईत, झोपतात.” त्यावर आमचं आठ दिवस भांडण चाललं. शेवटी पंखे भिंतीला लावायचे ठरले. पण एका अटीवर त्या बिलकुल हलायला तयार नव्हत्या. जुन्या वाचनालयात पुस्तकांची कपाटं आणि वाचक यांच्यामध्ये तारेची जाळी होती. जाळीला हातभर खिडकी. वाचकानं खिडकीतून पुस्तकाचं नाव सांगायचं, बाईंनी आणून द्यायचं. नव्या इमारतीतही तसंच हवं होतं. किंबहुना जाळी आणखी उंच. आमचे साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, म्हणाले, “बाई, आता कुठं जाळ्या नसतात. लोक स्वतः कपाटापाशी जातात, चाळतात, घेतात.”

“आन्‌ पानं फाडतात,” बाई म्हणाल्या. “जाळी काढा तुम्ही, कपाटं रिकामी व्हायला वर्षसुद्धा लागणार न्हाई.”

मी नकाशात जाळी काढली.

इमारत रिकामी करायला आम्ही चार जण होतो. बाई, परतूर, मी आणि एक बाइंडर. पुस्तकं पोत्यांत भरून एका धर्मशाळेच्या दोन खोल्यांत न्यायची होती. बाईंच्या टेबलामागं एक लोखंडी पेटी होती. तिच्या तळाशी खाकी पाकीट निघालं. त्यावर बाईंच्या अक्षरात ‘सुटी पानं, बाइंडिंगला द्यायची’ असं लिहिलेलं. बाईंनी ते उघडलं. आत पाच-सात पानं होती. त्यातलं एक त्यांनी हातात घेतलं, वाचलं आणि होत्या तिथंच जमिनीवर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणलं.

“पाणी नको,” त्या म्हणाल्या. “ते जुनं लाल रजिस्टर काढ.”

रजिस्टरात एका नावावर लाल शाईची रेघ मारलेली होती आणि पुढं शेरा होता: ‘पान फाडलं. सभासदत्व रद्द.’ ते नाव कापडगल्लीतल्या एका टेलरमास्तरांचं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एक दिवाळी अंक नेला होता. परत आला तेव्हा त्यात एका कथेचं शेवटचं पान नव्हतं. बाईंनी भर खिडकीत, चार लोकांसमोर त्यांना सुनावलं होतं आणि नाव काढून टाकलं होतं. ते पान आता बाईंच्या हातात होतं. अंक मास्तरांनी नेला त्याच्या आधीच ते सुटलेलं होतं, बाईंनी स्वतः ते या पाकिटात जपून ठेवलं होतं आणि विसरून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा बाई बूट घालून तयारच होत्या. “चल, तीर्थपुरी.”

मास्तरांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि आरसा. मास्तर मूळचे मंठ्याचे, साठीला आलेले. आम्ही दारात उभ्या राहिलो. बाईंनी पान पुढं केलं.

“पान सापडलं, मास्तर.”

“कोणतं पान?”

“तुम्ही फाडलं म्हणले होते मी, ते. माझ्याच पाकिटात होतं. तुम्ही फाडलं नव्हतं.”

मास्तरांनी मशीन थांबवलं नाही. बाहीची शिलाई शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, मग चष्मा काढला. “बाई, मला ठाऊकच होतं मी फाडलं न्हाई म्हणून. त्यात नवीन काय?”

बाईंनी पुढं केलेलं पान मागं घेतलं.

“त्या दिवशी माझ्याबरोबर पोरगी होती,” मास्तर म्हणाले. “सातवीला होती. तिच्यासाठीच नेत होतो मी पुस्तकं. घरी जाताना तिनं मला इचारलं, बाबा, तुम्ही खरंच फाडलं का? मी म्हणलो न्हाई. तिनं ऐकलं. पण इचारलं तर होतं ना तिनं?” त्यांनी चष्मा पुसला, परत डोळ्यावर ठेवला. “बाकी माझा तुमच्यावर राग न्हाई. बसा, चहा सांगतो.”

“पोरगी कुठं असती आता?”

“नाशिकला दिलीय.”

“पत्ता द्या,” बाई म्हणाल्या.

चहा त्यांनी घेतला नाही. परत आल्यावर संस्थेच्या छापील कागदावर पत्र लिहिलं. ‘आपल्या वडिलांनी पान फाडले नव्हते. ते पान माझ्याकडेच होते. चूक माझी आहे. आपल्या वडिलांना सर्वांसमोर बोलले, म्हणून हे लेखी कळवीत आहे.’ खाली सही आणि वाचनालयाचा शिक्का. मग परतूरकडून जावक रजिस्टर मागवून त्यात त्या पत्राची रीतसर नोंद केली. लाल रजिस्टरातली रेघ त्यांनी खोडली नाही. शेऱ्यासमोर निळ्या शाईनं लिहिलं, ‘शेरा खोटा. चूक ग्रंथपालाची.’ त्यावरही शिक्का मारला.

नाशिकहून उत्तर आलं नाही. पोस्टमन धर्मशाळेच्या दारात आला की बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहायच्या, एवढंच मी बघत होते.

त्याच आठवड्यात त्या आमच्या ऑफिसात आल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं.

“ही जाळी पूस.”

“खिडकीएवढी ठेवू का?”

“सगळी पूस. कपाटं उघडी ठेव. ज्याला बघायचं त्यानं जवळ जाऊन बघावं.”

मी पुसली. साहेब आतल्या खोलीतून बघत होते. बाई गेल्यावर म्हणाले, “झालं काय बाईंना?” मी म्हणाले, “मन बदललं.” पूर्ण गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ती सांगायचा अधिकार माझा नव्हता.

जुनी इमारत पाडली, दगडमाती उचलली आणि बाजाराच्या मधोमध एक मोकळी चौकोनी जागा तयार झाली. बाई प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री घेऊन तिथं जाऊन बसल्या. सकाळी धर्मशाळेतलं वाचनालय उघडून द्यायच्या, परतूरच्या हवाली करायच्या आणि इथं येऊन बसायच्या. असं आठवडाभर चाललं. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायच्या. बाजारातले लोक हसायचे. कुणीतरी अफवा उठवली की जागेवर कोर्टाचा स्टे आलाय आणि बाई राखण करून राह्यल्यात.

मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “बाप वाडा टाकायचा ना, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, तर आधी दिवसभर जमीन बघायचा. वारं कुठून येतं, पाणी कुठं जातं, जित्राबं आपण होऊन कुठं बसतात. मंग जाळी ठोकायचा. तुम्ही लोक आधी नकाशा काढता.”

आठवड्यानं त्यांनी मला वही दिली. साहेबांनी मुख्य रस्त्याच्या बाजूला मोठ्या पायऱ्या आणि दर्शनी खांब काढले होते. बाईंच्या वहीप्रमाणे त्या बाजूनं जागेत कुणीच येत नव्हतं. हातगाड्या आणि रिक्षांची इतकी गर्दी असे की माणसं तो रस्ता चुकवत. लोक यायचे मागच्या कोपऱ्यातून, कडुलिंबाच्या झाडाकडून. खेड्यातून बाजाराला आलेल्या बाया सामान घेऊन त्याच झाडाखाली घरच्या माणसांची वाट बघत बसायच्या, कधी दोन-दोन तास. बाईंनी लिहिलं होतं, ‘दार लिंबाकडे. बायांची मोरी (लघवीची) आत, ग्रंथपालाच्या टेबलाजवळ. मागे अंधारात नको, कुणी जाणार नाही.’ दार फिरवायला साहेब तयार नव्हते. दर्शनी बाजू मागं कशी नेणार? तिथं मी पहिल्यांदा साहेबांशी वाद घातला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन झाडाखाली अर्धा तास उभे राहिले आणि येऊन म्हणाले, “फिरव.”

खरी अडचण नंतर आली. संस्थेच्या बैठकीत ठरलं की तळमजल्यावर सगळे दुकानांचे गाळे काढायचे आणि वाचनालय वर न्यायचं. ऐन बाजारातली जागा, गाळे हातोहात जातील, त्या भाड्यावर वाचनालय चालेल. यात अध्यक्षांचा स्वार्थ नव्हता. त्यांना वाचनालय टिकवायचंच होतं. बाई नोकरदार. बैठकीत त्यांना मत नव्हतं. बोलावल्या गेल्या तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “पाठीवर क्विंटलभर ओझं वाहिलेला हमाल पेपर वाचायला जिना चढणार न्हाई. लिंबाखालच्या बायाबी चढणार न्हाईत.”

अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, “बाई, हमाल तसेही किती येतात?”

“जुन्या जागेला चार पायऱ्या होत्या. म्हणून येत नव्हते.”

“हे तुम्ही कशावरून म्हणता?”

पुरावा बाईंकडं नव्हता. बैठक संपली. पुढच्या महिन्यात नकाशावर सह्या व्हायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला विचारलं, “ते मैदानावर कबड्डीला रेषा मारतात ती पांढरी पावडर कुठं मिळती?”

“फक्की? मिळेल कुठंही.”

“दोन पोती आण. आन्‌ टेप आण.”

थंडीचे दिवस होते. सकाळी सात वाजता आम्ही मोकळ्या जागेवर तळमजल्याचा नकाशा खऱ्या मापानं फक्कीनं आखला. भिंती, दार, कपाटांच्या रांगा, टेबलं, बायांची मोरी, सगळं. परतूर दोरी धरायचा, मी मापं सांगायचे, बाई वाकून रेषा मारायच्या. साडीला, बुटांना, केसांना पांढरं लागलेलं. मग धर्मशाळेतून चार बाकं आणली आणि वर्तमानपत्र-विभाग म्हणून आखलेल्या चौकोनात मांडली. वर त्या दिवशीचे पेपर ठेवले, त्यावर दगड. दार आखलं होतं तिथं पाटी ठेवली: ‘वाचनालय. चपला बाहेर.’

पहिल्या दिवशी लोक रेषांवरून सरळ चालत गेले. बाई ओरडायच्या, “ओ भाऊ, भिंतीतून कुठं चाललात? दार तिकडं हाय!” माणूस दचकून खाली बघायचा, मग बाईंकडं, आणि का कुणास ठाऊक, वळसा घालून जायचा. तिसऱ्या दिवशी दोन हमाल मालाची गाडी यायच्या आधी येऊन बसले. एकाला वाचता येत नव्हतं, दुसरा वाचून दाखवायचा. मग आडतीतले मापाडी आले, पेन्शनर आले. लिंबाखालच्या दोन बाया गाठोडी घेऊन आल्या आणि बाकावर न बसता रेषेच्या आत जमिनीवर बसल्या. बाईंनी त्यांना मासिकं दिली. त्या चित्रं बघत होत्या. एकीनं विचारलं, “इथं बसायला पैसे पडतात का वो?” बाई म्हणाल्या, “न्हाई. पण भिंतीला टेकू नका, पुसती.”

रोज सकाळी आम्ही पुसलेल्या रेषा परत मारायचो. दहाएक दिवसांत मला कळलं की आता बाईंना ओरडावं लागत नाही. लोक दाराशी चपला काढत होते. उघड्या मातीवर चपला काढून मातीवरच अनवाणी बसत होते. मला सुरुवातीला हसू यायचं, नंतर ते यायचं थांबलं.

मग बाईंनी अध्यक्षांना चिठ्ठी पाठवली. ‘सकाळी दहाला जागेवर यावे.’ अध्यक्ष, दोन सदस्य आणि आमचे साहेब असे चौघं आले. मुख्य रस्त्याकडून आले आणि बोलत बोलत सरळ आत शिरले. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या हमालानं पेपर खाली घेतला. अध्यक्षांना तो ओळखत नव्हता.

“ओ शेठ, तिकडून या. इथं भिंत हाय.”

अध्यक्ष थांबले. खाली बघितलं. त्यांचा एक पाय रेषेच्या आत होता, एक बाहेर. क्षणभर मला वाटलं, चिडतील. त्यांनी आतला पाय मागं घेतला, सगळी जागा वळसा घालून लिंबाकडं गेले, दाराशी उभे राहून बूट काढले आणि आत आले. उरलेले तिघंही त्यांच्या मागं वळसा घालून आले. अध्यक्ष त्या हमालाच्या शेजारी बसले. हमालानं त्यांना पेपरचं एक पान काढून दिलं.

बाई लांब, कपाटांच्या रांगेत उभ्या होत्या.

बऱ्याच वेळानं अध्यक्ष उठले आणि बाईंपाशी गेले. मी जवळच होते, म्हणून ऐकलं.

“बाई, खाली वाचनालय ठेवलं तर वरचा मजला आत्ता होणार नाही. सगळे गाळे न काढता तेवढं पेलायचं नाही आम्हाला. रस्त्याकडचे दोन गाळे काढू, बाकी सगळं तुमचं. पण वरची अभ्यासिका जाईल. परीक्षेच्या पोरांची सोय होणार नाही. चालेल?”

अभ्यासिका बाईंनाच हवी होती, नकाशात त्यांनीच काढायला लावली होती. “चालंल,” त्या म्हणाल्या. “खांबाच्या सळया मातर वर सोडून ठेवा, पुढं मजला चढवायला.”

असं ठरलं. बांधकामाला दीड वर्ष गेलं. उद्घाटनाला मांडव, भाषणं, हार सगळं झालं. बाई मंचावर बसल्या नाहीत. लिंबाकडच्या दारात उभ्या राहून त्या पाहुण्यांना चपला काढायला सांगत होत्या. एका मोठ्या पाहुण्यांच्या बुटाची लेस सुटेना, तर त्यांना आत न घेता स्टूल आणून दिलं. त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. पुस्तकं नव्या ग्रंथपालाच्या हवाली केली, कपाटांसमोरून एक चक्कर मारली आणि पिंपळगाव रेणुकाईला भावाकडं राहायला गेल्या.

टेलरमास्तर नव्या वाचनालयाचे सभासद झाले नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं. “सवय मोडली,” ते म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि त्यामुळं मला जास्त वाईट वाटलं.

बाई गावी गेल्यावर दोन वर्षांनी त्या आजारी असल्याचं परतूरकडून कळलं. मी भोकरदनच्या गाडीनं गेले, तिथून पुढं जीपनं. घर गावाच्या कडेला, पुढं मक्याचं शेत. बाई ओसरीवर पलंगावर होत्या. आधीच हाडकुळ्या, आता तर पांघरुणाखाली माणूस आहे की नाही कळेना. भावजयीनं मला चहा दिला. बाईंनी प्रकृतीविषयी एक अक्षर बोलू दिलं नाही.

“गर्दी असती का?”

“असते. हमाल येतात, बाया येतात. कॉलेजची पोरं-पोरी सकाळी उघडायच्या आधीच रांग लावतात. बसायला जागा पुरत नाही, दाराबाहेर झाडाखाली बसून अभ्यास करतात.”

मला वाटलं, त्या खूश होतील. त्यांनी डोळे मिटले.

“मंग चुकलंच की माझं. अभ्यासिका सोडायला नको होती.”

“बाई, तेव्हा दुसरा इलाज नव्हता.”

“सळया हायेत ना वर?”

“आहेत.”

“गंजल्या असतील.”

“सिमेंटचं पाणी मारून ठेवलंय.”

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं पहिल्यासारखं बघितलं. “मंग तू इथं काय करून राह्यलीस? चहा पी आन्‌ जल्दी नीघ.”

मी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांकडं गेले. त्यांनी फार ताणलं नाही. सकाळची रांग त्यांनीही पाहिली होती. साहेबांनी वरच्या मजल्याचा नकाशा फुकट करून दिला. चैत्रात काम सुरू झालं आणि वैशाखात स्लॅब झाला. त्या संध्याकाळी मी पिंपळगावला फोन लावला. भावजयीनं उचलला.

“बाईंना सांगा, वरचा स्लॅब पडला.”

“अगं बाई!” भावजय किंचाळली. “कुणाला लागलं का वो?”

मी घाईघाईनं सांगायला लागले, तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला. बारीक झालेला, पण करवादलेला. “टाकला म्हणती ती. तसंच म्हणतात त्यांच्यात. आण इकडं.” मग फोनवर आल्या. “पाणी मारून राह्यलात का?”

“उद्यापासून मारतो.”

“उन्हाळा हाय, वाळला तर स्लॅब तडकंल. वाळूचे आळे करा आन्‌ पाणी साठवा. बराबर एकवीस दिवस. एक दिवस कमी करायचा न्हाई.”

“नाही करणार.”

त्यांनी फोन ठेवला. ठेवते वगैरे म्हणायची त्यांना सवय नव्हती.

त्या वर्षी जालन्यात पाण्याचे हाल होते, टँकर दिवसाआड यायचा. स्लॅबला सतरावा दिवस होता तेव्हा बाई गेल्या. सकाळी परतूरचा फोन आला, आम्ही दोघं पिंपळगावला गेलो, दुपारी सगळं उरकलं. संध्याकाळी परत आलो तेव्हा स्लॅबवरचे आळे पार कोरडे पडले होते. कंत्राटदाराची माणसं निघून गेली होती. परतूरनं टँकरवाल्याला फोन केला, मी पाइप वर ओढून घेतला आणि अंधार पडायच्या आत सगळे आळे भरले. उरलेले चार दिवसही मीच जाऊन भरले.